वाढत्या अंगाचा स्वेटर

आम्ही खुटबावला दुसऱ्याच्या मळ्यात राहायचो. थंडीत मी आईचं जुनं लुगडं अंगाला गुंडाळून शाळेत जायचे. आमच्यात मुलींची शाळा सातवीपर्यंत, पुढं लग्न.

आज पेटी उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि वर ठेवलेला तो विटकरी स्वेटर दिसला.

मी पहिलीत असताना आईनं तो क्रोशानं विणला. लोकर दौंडच्या बाजारातली, टोचरी. कांदा खुरपून आली की आई त्याच वासाच्या हातांनी विणत बसायची. एका दुपारी माप बघायला तिनं तो माझ्या अंगात घातला, तर तो गुडघ्याखाली आला आणि माझे हात बाह्यांत गडप झाले.

शेजारच्या अनसूयामावशी म्हणाल्या, “पोरगी केवढी आन् स्वेटर केवढा. लग्नात घालायचाय व्हय हिला?”

“न्हाई मावशी, कालिजात घालायचाय.”

“मग आजून दोन ओळी घाल. कालिज लांब हाय.”

मावशी हसल्या. आईनं खरंच दोन ओळी घातल्या.

तेव्हा मला वाटलं, आईचं माप चुकलं. सातवीनंतर चुलत्यांनी माझ्यासाठी स्थळ आणलं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, “तिला स्वेटर आजून ढगळ होतोय, भावजी.” चुलत्यांना काही कळलं नाही. मला कळलं.

दौंडच्या कॉलेजात पहिल्या हिवाळ्यात तो मला बरोबर बसला. तिथूनच मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.