पिवळ्या गाडीचा निकाल

सर्व संबंधितांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, अमेरिकेत कित्येक दशकांपूर्वी झालेल्या एका मोटारशर्यतीचा निकाल गेल्या रविवारी दुपारी आमच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लागला, आणि त्याची शिक्षा मला झाली.

बायकोचा धाकटा भाऊ रुवैसच्या रिफायनरीत आहे, अबू धाबीच्याही पुढे, आमच्यापासून गाडीने तीनेक तासांवर. सुट्टीला तो आमच्याकडे येतो आणि आम्ही दोघं टीव्हीवर जुन्या स्टॉक कार शर्यती लावतो. रस्त्यावर दिसतात तसल्याच गाड्या, फक्त आतून मजबूत केलेल्या, मातीच्या गोल ट्रॅकवर एकमेकींना घासत पळतात. आमचे नियम कडक. निकाल आधी कोणी शोधायचा नाही. दोघांचे फोन तांदळाच्या डब्यात. मी जिंकलो तर तो बसने जाणार. तो जिंकला तर मी त्याला गाडीने रुवैसला पोचवायचं आणि तेवढंच अंतर एकट्याने परत यायचं. त्यात सोमवारी सकाळीच माझं प्रेझेंटेशन.

या वेळची शर्यत त्याने निवडली. मी लाल गाडी घेतली, त्याने पिवळी. पिवळी सुरुवातीलाच चिखलात रुतली.

"मेहुणे, बसचं बघा आता," मी म्हणालो.

"बघू की, दाजी." तो शांतपणे चकली खात होता.

पण पिवळी बाहेर निघाली आणि एकेक गाडी मागे टाकत सुटली. शेवटच्या फेरीत ती लालच्या दाराला दार लावून पळत होती. माझ्या हातातला चहा गार झाला. धूळ, किंकाळ्या, झेंडा! लालचं नाक पुढे होतं! निवेदकाने लालला विजयी घोषित केलं आणि मी पोळपाट डोक्यावर धरून डायनिंग टेबलाभोवती विजयाची फेरी सुरू केली.

"बाबा, सिट डाउन! ही इज स्टिल टॉकिंग!" मुलगी ओरडली.

निवेदक खरंच बोलत होता. तेव्हा फेऱ्या हाताने मोजायचे. प्रत्येक गाडीसाठी एक माणूस बसवलेला असे, आणि पुष्कळदा ती ड्रायव्हरची बायकोच असे. पिवळ्या गाडीवाल्याची बायको पंचांसमोर उभी राहिली होती. नवऱ्याची एक फेरी तुम्ही धरलीच नाही, म्हणत होती. पंच कागदांवर वाकले. माझा पोळपाट हवेत थांबला.

"बाई हट्टाने बोलतेय," मी म्हणालो.

"तिने मोजलंय ना? मग बरोबरच असणार," स्वयंपाकघरातून बायकोचा निकाल आला.

थोड्या वेळाने पंचांनीही तेच सांगितलं. पिवळी पहिली. मेहुणा ओरडला नाही, नाचलाही नाही. उठून त्याने दाराआडची बॅग उचलली. ती भरलेलीच होती. वर बायकोने दिलेला डबाही तयार.

मी मुकाट्याने गाडी काढली. अबू धाबी मागे पडली, दोन्ही बाजूंना वाळवंट सुरू झालं. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. मेहुण्याने सीट मागे केली, बूट काढले, डब्यातला लाडू तोंडात टाकला आणि त्या तृप्तीत बोलून गेला, "काहीही म्हणा दाजी, पहिल्यांदा पाहिली होती तेव्हा एवढी मजा नव्हती आली!"