गेरूची फुली

यवतमाळात नव्या मोटार स्टँडसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा नगरपालिकेची माणसं आमच्या मातीच्या भिंतीवर गेरूनं फुली मारून गेली. आईला वाटलं, मलेरियाचे फवारणीवालेच आले होते. तेही असंच गेरूनं लिहून जात आणि पुसू नका म्हणून बजावत.

दिवाळीच्या तोंडावर तिनं पांढऱ्या मातीनं सगळं घर पोतारलं, पण फुलीभोवती बोटभर जागा सोडली. हात लावू पाहणाऱ्या शेजारणीलाही दटावलं, “पुसशीन तं सायबाले कसं समजीन, आपलं घर झालं म्हणून?”

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. घर पाडण्याची नोटीस मीच वाचून खिशात घातली होती. सण होऊन जाऊ दे, मग सांगू, म्हणत राहिलो. दुसऱ्यांच्या पोरांना खरं बोलायला शिकवणारा मी! अजूनही माझाच मला संताप येतो.

दिवाळी झाली आणि मुकादम मजुरांना घेऊन आला. कुदळी अजून बैलबंडीतच होत्या. मी तोंड उघडायच्या आत आई लगबगीनं पुढं झाली आणि फुलीवर बोट ठेवून कौतुकानं म्हणाली, “पाहा भाऊ, म्या पुसू नाही देली.”