फरक दिसला पाहिजे

पुरावा गोळा करत फिरणाऱ्याच्या पदरी किस्सेच जास्त पडतात. टॅबवर मुलं खरंच शिकतात का, हे तपासणाऱ्या एका संस्थेसाठी मी गोव्यात पेडणे-डिचोलीतल्या शाळांत परीक्षा घ्यायचो. फॉर्ममध्ये जे मावलं नाही, ते अजून माझ्याकडेच पडून आहे.

*

टॅबवर लाल ढोबळी मिरचीचं चित्र. पार्से गावातला एक मुलगा ओरडला, "बोंडू!" काजूचं फळ हो! टॅब म्हणाला, "चूक."

मुलाने टॅबलाच समजून घेतलं. "सर, कोणी तरी खालची बी काडून घेतल्या. म्हणून ताका वळखूक येना!"

मी 'चूक' लिहिलं.

*

डिचोलीत घरी दिलेला एक टॅब दिवसभर चालू असायचा. ऑफिस खूश, "काय अभ्यास करते पोरगी!"

मी घरी गेलो. पोरगी शाळेत होती. खाण बंद पडल्यापासून बाप ट्रक घेऊन परराज्यात. आई एकटीच भाकऱ्या थापत होती, शेजारी टॅब पाढे म्हणत होता.

"बोलता तो, सर. मगे घर खावक येना."

मी 'वापर उत्तम' लिहिलं. दुसरा रकानाच नव्हता!

*

तुलनेसाठी काही शाळांना टॅब द्यायचेच नव्हते. तेरेखोलच्या वाटेवरची सुलभाबाईंची शाळा त्यातलीच. एक शिक्षिका, मूठभर मुलं, आणि नाव बंद होणाऱ्या शाळांच्या यादीत. आमच्या ऑफिसातल्या मॅडमनी बाईंना बजावलं, "तुम्ही वेगळं काही करू नका हं, तुलना बिघडेल."

बाई म्हणाल्या, "म्हणजे शिकवूसुद्धा नको?"

सगळे हसले. निघताना मात्र बाई मला हळूच म्हणाल्या, "निकाल बरा लागला तर शाळा वाचेल हो."

*

त्याच शाळेतल्या मुलांनी मला घेरलं. "सर, आमकां टॅब कित्याक ना?"

"फरक दिसला की तुम्हालाही मिळतील."

"फरक म्हणजे?" चौथीतल्या नंदाने विचारलं.

मला घाई होती. "त्यांना जास्त मार्क, तुम्हाला कमी!"

त्या वाक्याचा मला आजही राग येतो.

*

ही नंदा बाईंना रोज पेपर वाचून दाखवायची. शेवटच्या परीक्षेत तिला एकही ओळ वाचता येईना. सगळ्या वर्गाचं तेच. अहवालात फरक ठसठशीत उमटला, ऑफिसात पेढे वाटले गेले. बाईंची बदली वाळपईला झाली.

शाळेला कुलूप लागलं त्या दिवशी मी गेलो होतो. बाई चावी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. नंदा धावत आली आणि माझी बॅग चाचपू लागली.

"सर, आमी सगळ्यांनी मुद्दाम चुकयलां. टॅब हाडल्यात मां?"