अभिमन फिटरचा जाहीर पाठिंबा

जळगावात ज्ञानचंदशेठच्या जिनात सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचा आवाज मोठा की अभिमन फिटरचा, यावर कामगारांत कधी एकमत झालं नाही. यंत्रं निदान अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, कपाशीचा हंगाम आटोपला की गप्प बसत. अभिमनला हंगाम नव्हता. तो बारमाही चालायचा.

दोन शब्द कानावर पडले की त्याचं डोकं फिरायचं. एक 'संप' आणि दुसरा 'पेन्शन'. दुपारच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी तो सरकारी नोकरांना उघडं पाडायचा.

"आपण यंत्रात हात घालतो, ते दौतीत टाक घालतात. आपलं बोट गेलं तर शेठ म्हणतो, बघून काम करायचं होतं. त्यांना नुसती शिंक आली की पगारी रजा! आणि म्हातारे झाले की घरबसल्या पैसे. कशाबद्दल? तर जन्मभर खुर्ची गरम ठेवली म्हणून. ती गार पडली की यांना थंडी वाजते, म्हणून सरकार घरी कोळसे पुरवतं!"

कामगार हसायचे. मग अभिमन आणखी तापायचा, कारण तो विनोद करत नव्हता.

"हसता काय? मगन ऑइलमनचं काय झालं आठवतं ना? जन्मभर यंत्रांना तेल घातलं त्यानं. शेवटच्या दिवशी शेठनं टोपी दिली, नारळ दिला आणि म्हणाला, मगन, आता आराम कर. आराम कशावर करायचा ते नाही सांगितलं. आणि ते ग्रॅच्युइटी का काय, त्याचा कायदा झालाय म्हणतात. शेठला विचारलं, तर म्हणतो, दिल्लीहून इकडे यायला वेळ लागतो."

एवढं बोलून अभिमन भाकरीचा तुकडा असा मोडायचा, की समोर बसलेल्याला वाटावं, हा कुणा हेडक्लार्कचा कान असावा.

आता गंमत अशी, की ज्या पेन्शनला अभिमन रोज जिनात चिरडून यायचा, ती पेन्शन त्याच्याच घरात, ओसरीवरच्या खाटेवर, घोंगडी पांघरून झोपलेली असायची. तिचं नाव नथ्थूआबा.

नथ्थूआबा म्हणजे अभिमनचे सासरे. पिंपळनेरकडच्या डोंगरात त्यांनी जन्मभर जंगलखात्यात गार्डाची नोकरी केली. बायको वारल्यावर ते एकटे पडले, तेव्हा त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे अभिमनची बायको कुंदाबाई, त्यांना जळगावला आणायला गेली. म्हातारा काही हलेना. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं मानणारा तो माणूस. शेवटी लेक रडायला लागली तेव्हा त्यांनी अट घातली. पेन्शन आली की ती सगळी कुंदाच्या हातावर ठेवायची आणि मगच जेवायचं.

"मी सरकारनं खास, जवाईनं नही," असं ते गल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. अभिमनला हे वाक्य मिरची लागल्यासारखं झोंबायचं. घर त्याचं, चूल त्याची, ज्वारी त्याच्या घामाची, आणि जेवू कोण घालतंय? तर सरकार!

त्यातून थंडीत एकदा आबांना ते जिवंत असल्याचं दाखवायला कचेरीत जावं लागे. त्या दिवशी त्यांचा थाट नवरदेवाचा. खाकी कोट, पितळी बटणं चिंचेनं घासलेली, मिशीला तेल. परत आले की ते ओसरीवर बसून सांगत, "सायबानी इचारं, नथ्थू हयात शे का? मी सांगं, शे सायेब!"

अभिमन ते ऐकून आतल्या आत पेटायचा. इतकी वर्षं तो ज्ञानचंदशेठच्या जिनात राबला. शेठनं 'उशीर का?' विचारलं, 'पट्टा का तुटला?' विचारलं, 'तेल एवढं कसं लागतं?' विचारलं. अभिमन जिवंत आहे का, हे कधी विचारलं नाही.

आणि मग सत्त्याहत्तर सालच्या डिसेंबरात राज्यातले सरकारी नोकर संपावर गेले.

महागाईभत्ता केंद्र सरकारच्या नोकरांइतका हवा, अशी मागणी होती. पहिला आठवडा अभिमनला दिवाळीसारखा गेला. शिव्या घालायला रोज नवा माल मिळत होता. कलेक्टर कचेरीबाहेर मांडव पडला होता. त्यात स्वेटर घातलेले कारकून शेंगा फोडत बसत आणि मधूनमधून उठून घोषणा देत. "कामावर असताना जेवढे हलत नाहीत तेवढे आता हलतायत," असं अभिमननं जिनात जाहीर केलं.

पण पेन्शनचा दिवस आला आणि अभिमनची दिवाळी संपली.

नथ्थूआबा कोट घालून कचेरीत गेले. दाराला कुलूप. यंदाची हयातही राहिली होती आणि पैसेही. म्हातारा दिवस मावळेपर्यंत पायरीवर बसून परत आला. कुंदाबाईनं ताट वाढलं. आबा ताटाकडे न बघता खाटेवर आडवे झाले.

"आबा, जेवा ना," अभिमन म्हणाला.

"पोट भरेल शे, जवाईबापू."

"कशानं?"

आबांनी घोंगडी डोक्यावरून घेतली.

दुसऱ्या दिवशी अभिमन जिनातून आला तो अंगणात धूर. नथ्थूआबांनी तीन दगड मांडून स्वतःची चूल पेटवली होती. गाठीला होते नव्हते त्यातून पीठ आणलं होतं आणि जंगलात थापावी तशी जाडजूड भाकरी ते तव्यावर टाकत होते. गल्लीतल्या बायका कामं सोडून उंबऱ्यात उभ्या.

"अभिमननं सासऱ्याला वेगळं काढलं वाटतं," एक म्हणाली.

"बोलतो फार, पण मनानं असा असेल वाटलं नव्हतं," दुसरी म्हणाली.

अभिमनला वाटलं, ती चूल लाथेनं उडवावी. पण चुलीपलीकडे सासरा होता आणि अलीकडे कुंदाबाई डोळ्याला पदर लावून. तो घरात गेला आणि चांगल्या चाललेल्या कंदिलाला शिव्या घालत बसला.

पीठ फार दिवस पुरलं नाही. एका संध्याकाळी आबांनी पत्र्याची पेटी काढली आणि खाकी कोट घडी करून आत ठेवला.

"सकाळनी मोटरनं पिंपळनेरले जास," ते म्हणाले.

"तिथं कोण आहे तुमचं?" अभिमन ओरडला.

"जंगल शे."

कुंदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नुसतं पाहण्यापेक्षा बोलली असती तर बरं, असं अभिमनला झालं. तो तसाच बाहेर पडला आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या रुपचंदच्या दारावर थाप मारली. रुपचंद त्या पेन्शनच्या कचेरीतलाच कारकून. मागण्या मान्य होईपर्यंत दाढी करायची नाही, असा त्यानं पण केला होता आणि त्यामुळे तो संपकऱ्यापेक्षा आजारी जास्त दिसत होता.

"बाहेर ये, रुपचंद! तुमच्या भत्त्यापायी माझा म्हातारा उपाशी मरतोय."

"अभिमनभाऊ, शांत व्हा. आमचा लढा तुमचाही आहे."

"माझा? अखाजीला आमचं जीन बंद होतं, अर्धी माणसं घरी बसतात, तेव्हा तुमच्यातल्या एकानं तरी पेन खाली ठेवलं होतं?"

"तुम्ही कधी हाक मारली? तुम्ही मागत नाही म्हणून तुम्हाला मिळत नाही, भाऊ. आम्ही मागतो. तुमचा राग खरं तर ज्ञानचंदशेठवर पाहिजे. तुम्ही काढता आमच्यावर."

"दोघांवर आहे! रागाचा काय तुटवडा आहे का माझ्याकडे? तुझ्यावरही पुरेल आणि शेठवरही उरेल!"

सकाळी पिंपळनेरच्या मोटारीच्या वेळेआधीच अभिमननं आबांना सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. पेटी घरीच ठेवायला लावली. "आधी कचेरीत जाऊ, मग मोटार," असं सांगितलं आणि सायकल थेट संपाच्या मांडवात घातली. एक पुढारी भाषण करत होता. अभिमननं त्याच्या हातातला माईक ओढला.

"बसा खाली! रोज तुम्ही बोलता, आज मी बोलतो. हा माझा सासरा. जन्मभर तुमच्याच सरकारची झाडं राखली यानं. तुमची कचेरी बंद, म्हणून याची पेन्शन बंद, म्हणून याचं जेवण बंद. तुमच्यात कुणी साहेब असेल तर पुढं या आणि लिहून द्या, हा माणूस जिवंत आहे म्हणून! का तेही मागण्या मान्य झाल्यावर?"

पुढारी घसा साफ करत म्हणाला, "संपकाळात आम्हाला सही करता येत नाही."

"मग यानं काय, तोवर मरून राहायचं?"

एवढ्यात मागून आवाज आला. "जवाईबापू, आते पुरे."

नथ्थूआबा कॅरिअरवरून उतरले होते. त्यांनी टोपी सारखी केली, जोडे काढले आणि संपकऱ्यांच्या सतरंजीवर, अगदी पहिल्या रांगेत, मांडी घालून बसले.

"मी सरकारना माणूस शे," ते म्हणाले. "ह्या बठ्ठा मना लोक शेत. ह्या संपवर, तं मी बी संपवर!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. रुपचंदनं आबांच्या गळ्यात हार घातला. अभिमन माईक धरून उभाच राहिला.

आणि दुपारी पंगत बसली. संपकऱ्यांच्या घरून आलेल्या भाकरी एका मोठ्या टोपलीत जमा होत आणि डाळ मांडवातच शिजे. नथ्थूआबा सगळ्यांबरोबर पोटभर जेवले. सरकारी लोकांत सरकारी माणूस जेवला, यात लाजायचं काय? संध्याकाळी घरी आले, पेटीतून कोट काढून खुंटीला लावला आणि घोरायला लागले. कुंदाबाई कितीतरी दिवसांनी हसली.

अभिमनला मात्र अन्न गोड लागेना. त्याला जे रागानं करता आलं नाही, समजावून करता आलं नाही, ते संपानं केलं होतं. आणि शिजणारी डाळ कुठून येते, हेही त्याला कळलं. ज्ञानचंदशेठनं मांडवाला तुरीच्या डाळीचं पोतं पाठवलं होतं. हे लोक आज ना उद्या पुन्हा खुर्चीवर बसणार, हे शेठला बरोब्बर कळत होतं. मगन ऑइलमनला नारळ आणि कारकुनांना पोतं! त्या दिवशी अभिमननं पान्यानं नट इतका आवळला, की तो सोडवायला दोन माणसं लागली.

संप लांबला. पगार नाही, तर कारकुनांच्या घरातलं पीठही आटलं. एका रात्री, आबा ओसरीवर घोरत असताना, रुपचंद दबक्या पावलांनी आला. "अभिमनभाऊ, टोपली रिकामी पडायला लागलीय. आबांना कुणी काही म्हणणार नाही, पण तेच म्हणतायत, उद्यापासून मी जेवत नाही, आधी पोराबाळांची माणसं जेवू देत."

कुंदाबाई आतून म्हणाली, "मी थापते भाकरी. टोपलीभर थापते."

"आणि त्या तुझ्या आहेत कळलं तर म्हातारा हात लावेल का?" अभिमन म्हणाला.

"नाही लावणार. म्हणून तुम्ही न्यायच्या आणि सांगायचं, जिनातल्या कामगारांनी संपवाल्यांना पाठवल्या."

अभिमनच्या तोंडातून दबक्या आवाजात जे शब्द बाहेर पडले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. त्यानं सरकारला, संपाला, शेठला आणि जावयाचं न खाण्याची रीत ज्यानं पहिल्यांदा काढली त्या अज्ञात पूर्वजाला, अशा सगळ्यांना एकेक करून धुतलं. कुंदाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि पीठ चाळायला घेतलं.

सकाळी आबा मांडवाकडे गेल्यावर कुंदाबाईनं भाकरी थापल्या. अभिमन टोपली घेऊन मांडवात शिरला आणि 'जिनातल्या कामगारांनी पाठवल्यात' एवढं पुटपुटला मात्र, पुढाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं स्वतः होऊन माईक अभिमनच्या तोंडापुढे धरला. "मित्रांनो, जिनिंग कामगारांचे प्रतिनिधी आपल्याला पाठिंबा द्यायला आले आहेत!"

अभिमन नाही म्हणणार होता. 'मेलो तरी देणार नाही' हे शब्द जिभेवर आलेही होते. पण पहिल्या रांगेत नथ्थूआबा बसले होते. ते त्याच्याकडे एकटक बघत होते. जिनकामगारांचा पाठिंबा नसेल, तर ही टोपली कुणाची?

"आहे," अभिमन दात खात म्हणाला.

"मोठ्यानं बोला, भाऊ!"

"जिन कामगारांचा संपाला जाहीर पाठिंबा आहे!" तो गरजला. इतका राग त्या मांडवात अख्ख्या संपात कुणी ओतला नव्हता. "आणि ऐकून ठेवा! ज्या दिवशी कचेरी उघडेल, त्या दिवशी पहिल्या खिडकीवर हा म्हातारा उभा असेल. 'उद्या या' म्हणून कुणी बोललं, तर टेबलासकट उचलून गिरणा नदीत नेऊन टाकीन!"

टाळ्या थांबेनात. संपकऱ्यांना वाटलं, हाही पाठिंब्याचाच भाग.

दुपारची पंगत बसायला अवकाश होता, पण आबांनी एक भाकरी तिथंच मोडली. गरम होती. त्यांनी घास चावला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"कोना हातनी शे हाई? मऊ शे. आमनी कुंदाले सांगा, आशी शिक."

अभिमननं ओठ आवळले, सायकलवर टांग मारली आणि जिनाची वाट धरली. फाटकात स्वतः ज्ञानचंदशेठ उभे होते. बातमी सायकलच्या आधी पोचली होती.

"काय अभिमन, संपवाल्यांना भाकरी पोचवायला टाइम आहे, आणि कामावर यायला नाही? अर्धा दिवस कापला."

"शेठजी, तुम्ही त्यांना डाळ दिली. मी भाकरी दिली. तुमचा किती दिवस कापला?"

फाटकाजवळची माणसं चेहरे लपवायला सरकीच्या ढिगाकडे वळली. शेठनं अर्धा दिवस मात्र कापलाच.

घरी आल्यावर अभिमननं आबांचा निरोप बायकोला जसाच्या तसा सांगितला. कुंदाबाई आधी हसली, मग रुसली, मग म्हणाली, "माझ्यापेक्षा मऊ? थांबा, उद्या बघतेच."

दुसऱ्या दिवशी आबा मांडवाकडे निघताच तिनं आणखी भाकरी थापल्या. अभिमननं टोपली कॅरिअरला बांधली आणि कलेक्टर कचेरीपर्यंत सगळ्या वाटेनं संपाला शिव्या देत गेला. भाकरी गार होऊ नयेत म्हणून सायकल तेवढी जोरात हाणत होता.