खांबाची जागा

"पाय हलवू नगंस मनांग, न्हाईतर नखासंगं बोटबी कातरून ठिवीन. मंग घरी चालत कशी जाशील?"

"एवढा समुद्र काय चालत जायचा हाय? इमानानं जाईन, पाय लांब करून."

लुमिंगनं हसत अनिसेताच्या अंगठ्यावर लाल रंगाचा दुसरा हात मारला. हाताच्या नखांना रंग लावलेला दोघींच्याही मालकिणींना खपत नव्हता, म्हणून सगळी हौस पायांवर. अनिसेता लुमिंगपेक्षा तेरा वर्षांनी मोठी, म्हणून मनांग, म्हणजे थोरली बहीण. दोघी फिलिपिन्समधल्या एकाच खोऱ्यातल्या. दोघींच्या गावांमध्ये एक नदी आडवी. इथं हाँगकाँगात दोघी लोकांच्या घरी राहून घरकाम करणाऱ्या, आणि रविवारी या पादचारी पुलावर बसणाऱ्या.

अनिसेता सकाळी सातलाच यायची. फळवाल्याकडची संत्र्याची खोकी उलगडून खाली अंथरायची, कडेनं गुडघाभर भिंती उभ्या करायच्या, चिकटपट्टी मारायची, की झालं घर. चपला बाहेर. तिची जागा खांबाला लागून. पाठीला टेकू, वाऱ्याला आडोसा, पावसाची झड आली तरी अंगावर नाही. बावीस वर्षं ती जागा तिची. ती तापानं पडली तरी तिथं कुणी बूड टेकत नसे. आता पुढच्या महिन्यापासून ती लुमिंगच्या मावसबहिणीला द्यायची, असं ठरलं होतं.

कारण अनिसेता घरी निघाली होती. सुट्टीवर नव्हे, कायमची. दोन वर्षांचा करार संपत आलेला. मालकीण मिसेस लाऊनं नव्या कराराचा कागद फ्रीजवर लोहचुंबकानं अडकवून ठेवला होता. रविवारी संध्याकाळी आलीस की सही कर नाहीतर नाही म्हणून सांग, दुसरी बघायला बरी, असं ती सरळ बोलली होती. अनिसेता नाही म्हणणार होती. आठ दिवस ती भांडी घासताना तो शब्द गुळाच्या खड्यासारखा तोंडात घोळवत होती.

तयारीही झाली होती. वर्षातून दोनदा कमरेएवढं खोकं भरून बोटीनं घरी धाडायचं, हा पुलावरच्या प्रत्येकीचा नेम. साबण, कॉफी, चॉकलेटं, टॉवेल, आणि ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी टाचलेली. पण गेल्या साली अनिसेतानं चार खोकी स्वतःसाठी भरली. जाड रजई, हिरव्या फुलांचे पडदे, भाताचा कुकर, टवका न उडालेली ताटं. प्रत्येकावर जाड अक्षरात लिहिलं: उघडू नये, मी आल्यावर उघडीन. गावाकडं घर बांधताना पूर्वेची खोली तिनं आपल्यासाठी काढून घेतली होती. खिडकी कुठं, खुंटी कुठं, सगळं फोनवरून सांगून. त्या खोलीत ती एक रात्रही निजली नव्हती.

दुपारी डबे उघडले. सुकी मासळी, गार भात, आंबट शिरक्यात ठेचलेला लसूण. मासळीच्या वासानं मालकिणींची डोकी उठतात, म्हणून सहा दिवसांची भूक इथं भागवायची. हातानं जेवून, बोटं चाटून अनिसेता खांबाला टेकली. पोट भरलेलं, पाय मोकळे, ऊन पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत आलेलं. पलीकडं कुणीतरी गिटार छेडत होतं. ढेकर देऊन तिनं लेकीला फोन लावला.

फोनच्या पडद्यावर रोवेना आली. तिच्यामागं खिडकी, आणि खिडकीला हिरव्या फुलांचे पडदे.

अनिसेतानं फोन डोळ्यांजवळ नेला. मग तिनं खोक्यांचं विचारलं. रोवेना मोकळेपणानं सांगू लागली. खोकं आलं म्हटल्यावर सगळी वाडी दारात येऊन बसली, आजवर कुठलं खोकं झाकून ठेवलंय, न उघडून लोकांना काय सांगायचं? ताटं शेजारच्या लग्नाला गेली ती तिकडंच राहिली. कुकर नणंदेला दिला. समदी तुझं नाव काढत्यात, आई. बोलण्यात खोट काहीच नव्हती. त्या गावात खोकं दहाजणांसमोरच फोडायचं असतं; अनिसेतानंही लहानपणी मावशीचं खोकं फुटताना पहिल्या रांगेत बसून चॉकलेट ओरबाडलं होतं. धाडणारीचं स्वतःचंही खोकं असतं, हे बापजन्मी कुणाला ठाऊक नव्हतं.

"खोली दाव माझी," ती म्हणाली.

रोवेनानं फोन हातात धरून नेला. पूर्वेच्या खोलीत जावयानं झुंजीचे कोंबडे ठेवले होते, ओळीनं सात पिंजरे. हवेशीर खोली म्हणून. पहाटे गारठा पडतो, म्हणून पिंजऱ्यांवर रजई पांघरलेली. एका कोंबड्यानं मान काढून फोनकडं बघितलं.

"आणि मी आले तर?"

"ये की," रोवेना म्हणाली. "किती दिवस ऱ्हाशील?"

अनिसेताच्या हातातला फोन जरा खाली आला. बघू, म्हणाली ती. मग रोवेनानं पुढच्या खोक्याची यादी सांगितली, पोरीचे बूट कितव्या मापाचे तेही सांगितलं. अनिसेतानं मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

लुमिंगनं सगळं ऐकलं होतं. रंगाच्या बाटलीचं झाकण फिरवत ती म्हणाली, "माझ्या खोलीत सून निजती, मनांग. तुझ्या खोलीत निदान कोंबडं हायेत. त्यांस्नी हुसकता येतं."

अनिसेताला हसू आलं, अगदी पोट धरून हसली. हसून झाल्यावर तिनं पायाची नखं उन्हात धरून बघितली.

"रंग चांगला बसलाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुझ्या मावसबहिणीला सांग, दुसरीकडं जागा बघ म्हणावं."

लुमिंगनं पत्ते काढले, पिसले, वाटले. अनिसेता दोन डाव जिंकली, मग खांबाशी आडवी होऊन घोरली. दर रविवारी घोरायची तशीच, तोंड उघडं टाकून.

सहाला पुठ्ठे निघाले. गेले दोन महिने ती आपले पुठ्ठे भंगारवालीला देऊन टाकत होती, आता काय करायचेत म्हणून. आज तिनं घडी घालून ते पुढच्या रविवारासाठी खांबामागच्या नळाआड उभे केले.

आठच्या आत ती मिसेस लाऊच्या घरी पोचली. सकाळपासूनची भांडी मोरीत रचलेली होती, नाश्त्याच्या वाट्यांपासून जेवणाच्या कढईपर्यंत, अंड्याचं पिवळं वाळून घट्ट झालेलं. सहीचं काय ठरलं, मालकिणीनं बैठकीच्या खोलीतून विचारलं. अनिसेतानं फ्रीजवरचा कागद काढला, ओट्यावरचं पाणी फडक्यानं पुसलं, सही केली आणि कागद होता तिथंच लावला.

मग तिनं रबरी हातमोजे चढवले, गरम पाण्याचा नळ सोडला आणि पहिली वाटी हातात घेतली.