मेण घासलेला फ्लोअर

मंडळी, आज दुपारी मुंबईहून माझ्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. माझे पपा तरुणपणी ज्या नाइटक्लबात ट्रम्पेट वाजवायचे, त्याच्या इमारतीत ती पोचली होती. तिथे आता कपड्यांचं दुकान आहे.

इथे मालवणात पपांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. ना स्टेज, ना बार. ओळखीचं काहीच दिसेना.

"चप्पल काढून पाय सरकवन बघ गो बाय. सरकता?"

नाचणाऱ्यांचे पाय सहज सरकावेत म्हणून तिथल्या लाकडी फ्लोअरवर मेण घासायचे.

"नाही सरकत. खरखरीत टाइल्स आहेत, कोणी घसरू नये म्हणून."

पपांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "ही ती जागा न्हय रे. तुझा चेडू चुकला."

पत्ता बरोबर होता. तुम्ही असतात तर त्यांना सांगितलं असतंत?