माझी रेघ आणि सरपंचबाय

सरपंचबायशी भांडण होणं अशक्य होतं. आपण तोंड उघडायच्या आत त्या म्हणायच्या, "चूक माझी." एसटी उशिरा आली तर चूक त्यांची, त्यांनीच या गाडीनं जाऊ म्हटलं होतं. चहा गोड झाला तर चूक त्यांची, त्यांनीच टपरीवाल्याला हात सैल सोडायला सांगितलं होतं. सभेला माणसं जमली नाहीत तरी चूक त्यांचीच. "आज मासळी चांगली लागली, मला ठाऊक व्हतं. मीच तुला सांगितलं न्हाय."

मी पत्रकं लिहिणारा माणूस. पत्रकाला आरोपी लागतो. ज्याच्यावर बोट रोखायचं तोच हात वर करून उभा राहिला तर पुढचं वाक्य लिहायचं कसं? मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो त्यांचा निषेध करायलाच.

आमचं घर रेवसकडचं, मिठागरवाल्यांचं. रेवदंड्याच्या अलीकडच्या त्या कोळी गावात मी आलो तो कट्ट्यासाठी. कट्टा म्हणजे किनाऱ्यालगतची फरसबंदी वाट: समुद्राच्या अंगाला भिंत, बसायला बाकडी, संध्याकाळी फिरणारी माणसं. मी शाळेत असताना, त्या गावच्या सरपंच होत्या तेव्हा, सरपंचबायनी तो मंजूर करून आणला होता. मूळ आराखड्यात होड्या वर ओढायला भिंतीत एक वाट सोडलेली होती. एका उधाणाला त्या वाटेनं पाणी घरांत शिरलं, लोकांनी आरडाओरडा केला आणि बायनी वाट बुजवून घेतली. पुढं समुद्र चढतच गेला. मी आलो तेव्हा तो भिंतीवरून यायचा आणि आत आला की त्याला परत जाता यायचं नाही. गाव टोपासारखं भरायचं. विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं.

कट्ट्याच्या सुरुवातीला बायच्या नावाची कोनशिला आहे. ती त्या रोज फडक्यानं पुसायच्या. मला वाटलं, मिरवायची हौस. ती होतीच. पण पाहणीला साहेब आले की त्या त्यांना आधी तिथं उभं करायच्या आणि स्वतःचं नाव मोठ्यानं वाचून दाखवायच्या. "वाट बुजवली ती हिनं," असं स्वतःकडे बोट दाखवून सांगायच्या. मी म्हटलं, "बाय, हे कशाला?" तर म्हणाल्या, "शिव्या घालायच्या तर नाव नीट दिसाया नको?"

मग सरकारी सुधारणा आराखडा आला. भिंत आणखी उंच करायची, फरशी नवी बसवायची, रंगीत दिवे लावायचे, फोटो काढायला एक कमान उभारायची. चढणाऱ्या समुद्रावर यांचा उपाय काय, तर कमान. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा दिला, "भिंत उंच, अक्कल ठेंगणी." बायनी चष्मा लावून तो वाचला, मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "काढ."

"का? खोटं आहे?"

"खरं हाय. पन त्या साहेबाच्या पोरी शाळेत जातात. त्या वाचतील."

मी चिडलो, पण मथळा काढला. नवा मथळा त्यांच्याच बोलण्यातून मिळाला. त्या म्हणाल्या होत्या, "समुद्र वाढला, कबूल. पन घरात आलेल्याला जायाला वाट नको?" आमची मागणी तीच झाली. भिंत वाढवू नका, तोडा. होड्यांची वाट मोकळी करा. कट्टा मागं सरकवा आणि पुढं वाळू राहू द्या. नुसतं नको म्हणणाऱ्यांचं कुणी ऐकत नाही म्हणून आम्ही पर्यायी नकाशाही केला. त्या नकाशावर कट्ट्याची नवी रेघ मी ओढली. घरांच्या पुढं एक लांबट मोकळा पट्टा होता, त्यावरून.

तो पट्टा मोकळा नव्हता. तिथं बाया बोंबील सुकवायच्या, बांबूच्या चौकटींवर, रांगेनं. मी पाहणी केली ती भर पावसात. मासेमारी बंद, बांबू सोडून घरात ठेवलेले, पट्ट्यावर गुडघाभर गवत. मिठागरवाल्याच्या पोराला पावसात मिठागर ओळखता येतं. दुसऱ्यांची सुकवणी नाही ओळखता आली.

बायनी नकाशा पाहिला होता. बराच वेळ पाहिला होता. रेघेवरून बोट फिरवलं आणि नकाशा परत घडी करून मला दिला. काही बोलल्या नाहीत.

पाऊस सरल्यावर सभा झाली. साहेबांनी आमचा नकाशा भिंतीवर लावला आणि म्हणाले की यातलं बरंचसं मान्य होण्यासारखं आहे. मी फुशारलो होतो. तेवढ्यात मागून पारूबाय उठल्या. बाजारात सरपंचबायच्या शेजारी सुकी मासळी विकायला बसणाऱ्या, त्यांच्याच वयाच्या.

"ही रेघ आमच्या बोंबलांवरून गेलीय. कोनी मारली?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. तेवढ्यात सरपंचबाय उभ्या राहिल्या. "मी सांगितली. चूक माझी."

मी लगेच उठलो. ओरडलोच म्हणा ना. "खोटं आहे. रेघ मी मारली. मी पावसात आलो, मला जागा मोकळी दिसली. बायनी काही सांगितलं नव्हतं."

पारूबायनी माझ्याकडं मायेनं पाहिलं. "पावसात कोन सुकवतं रे बाला? एवढं तर तुला कळत असंल." बाया हसल्या. "बस खाली. बायनं पढवून आनलाय पोराला."

"कुणी पढवलं नाही."

"गुनाचा हाय. बायसाठी अंगावर घेतो."

सुकवणीला दुसरी जागा देऊ म्हणून साहेबांनी नकाशा त्याच रेघेसकट मंजूर केला. मग मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं. "रेघ माझी" असा मथळा, खाली सगळी हकिकत, माझं नाव, आणि घरोघरी स्वतः वाटलं. पारूबायनी ते उंबऱ्यात उभं राहून पूर्ण वाचलं आणि मला परत दिलं. "लिवलंय झ्याक. बायनंच सांगितलं ना लिवायला?" आयुष्यात मी इतकं खरं पत्रक लिहिलं नव्हतं, आणि माझं एकही पत्रक इतकं खोटं ठरलं नव्हतं. बायना सगळ्या चुका आपल्या म्हणताना लोकांनी वर्षानुवर्षं ऐकलं होतं. मग या एका चुकीवर विश्वास का ठेवू नये?

शिक्षा बाजारात झाली. सुक्या मासळीच्या रांगेत रिवाज असा, की एखादी चहाला उठली तर शेजारणीनं तिच्या पाटीवर लक्ष ठेवायचं. सांगावं लागत नाही. बायच्या पाटीवर कुणी लक्ष ठेवेना. भांडण नाही, टोमणा नाही, फक्त माना दुसरीकडं. एकदा कुत्र्यानं मूठभर जवळा पळवला आणि पारूबाय आपल्या पाटीतले बोंबील सारखे करत बसल्या. तेव्हापासून बायनी चहा सोडला.

हे कळल्यावर मी जाऊन त्यांच्या पाटीशी बसलो. म्हटलं, "जा, चहा घेऊन या." मला भाव ठाऊक नव्हते. गिऱ्हाईक हसत होतं, बाया पदरात हसत होत्या. सरपंचबाय माझ्यावर पहिल्यांदा रागावल्या.

"ऊठ. तू राखलीस तर त्या कधीच राखायच्या न्हाईत."

मी उठलो. दुसरं काय करणार होतो, ते मला अजून सुचलेलं नाही.

भिंत तोडायचं काम सुरू झालं त्याच सुमारास त्या लेकीकडं पनवेलला निघाल्या. गुडघे दुखतात, असं गावात सांगितलं. स्टँडवर मी त्यांची पिशवी घेऊन उभा होतो. शेवटी विचारलं, "नकाशा बघितलात तेव्हा तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "बोलली असती तर तू रेघ खोडली असतीस. मग भिंत ऱ्हायली असती. मला ती भिंत पडलेली बघायची व्हती रे. मंग म्हटलं, बाया काय, नंतर समजावू."

"मला सांगायचं होतं. मी दुसरी रेघ शोधली असती."

"शोधली असतीस?" त्यांनी खरंच विचारलं, टोचून नाही. साहेब पहिल्यांदाच आमचा नकाशा हातात घ्यायला तयार झाले होते. तेव्हा मी काय केलं असतं, हे मी पत्रकात लिहू शकतो. शपथेवर सांगू शकत नाही.

आता होड्यांची वाट मोकळी आहे. कट्टा मागं सरकलाय आणि त्याच्यापुढं थोडी वाळू धरू लागलीय. सुकवणीसाठी "पर्यायी जागा" देऊ असं कार्यालयानं सभेत सांगितलं होतं. ती जागा कुठं आहे हे विचारायला मी इतक्यांदा गेलोय की शिपाई मला बघूनच साहेब बाहेर गेलेत म्हणतो. गावात माझा मान वाढलाय. पारूबाय मला बोंबील बांधून देतात. नको म्हटलं तर आग्रह करतात. मी घरी आणतो. आई त्याचं कालवण करते. मी जेवतो.

परवाच्या उधाणानंतर सरपंचबायचा फोन आला. चौथ्या मजल्यावर त्यांना वारा चांगला लागतो म्हणाल्या. मागं टीव्ही चालू होता.

"पानी आलं व्हतं?"

"आलं होतं. कट्ट्याच्या वर आलं."

"आनि उतरलं?"

"दुपारपर्यंत सगळं उतरलं. वाटेनं परत गेलं. विहिरीपर्यंत पोचलंच नाही."

त्यांनी टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

"पारू बोंबील कुठं घालते आता?"

"डांबरी रस्त्याच्या कडेला. सगळ्याच तिथं घालतात."

"गाड्या जातात तिथनं."

"हो."

"मंग धूळ बसत असंल."

"बसते, बाय," मी म्हटलं.